पखवाजाचा डावा हात

"बाई, याचा डावा हात कुठी गेला, ते सांगा मले," गोविंदभाऊ म्हणाले आणि उठून त्यांनी तबकडी परत सुरुवातीपासून लावली.

पखवाजाची तबकडी होती ती, एका बाजूला तीन मिनिटांची. पखवाजाला दोन तोंडं असतात, हे तुम्हाला माहीतच असेल. उजवं तोंड टणटणीत बोलतं. डाव्याला ओली कणीक लावलेली असते, त्यातून तो खोल, पोटात उतरणारा 'धूम' निघतो. गोविंदभाऊंचं म्हणणं, त्यांच्या गादीवरून उजवा हात अगदी स्वच्छ ऐकू यायचा, बोटं मोजावीत इतका. अन् डावा नाहीच. जणू वाजवणाऱ्याने तो पाठीमागे बांधून ठेवला आहे.

माझी ही तिसरी खेप होती. चांद्याहून, म्हणजे आताच्या चंद्रपूरहून, छोट्या लाइनच्या गाडीने मूलला यायचं, हत्यारांची पेटी डोक्यावर घेऊन स्टेशनापासून गिरणीपर्यंत चालायचं, दिवसभर खटपट करायची आणि तोंड पाडून परत जायचं. दोनदा झालं होतं. तिसऱ्या खेपेला निघताना मामांनी दुकानाच्या पायरीवरच सांगितलं, "आता ठीक नाई झाली तर भाऊंची स्पीकरची पेटी परत येईल. अन् पेटी परत आली तर तू बाहेर जाऊ नको. घरी बसून कॉइल गुंडाळ. बाहेरच्या कामाले मी नागपूरचा मिस्त्री बोलावतो."

मामा म्हणजे माझ्या आईचे सख्खे भाऊ. चांद्यात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ही गोष्ट पन्नासच्या दशकातली. गडचिरोली तेव्हा आमच्याच चांदा जिल्ह्यात होती, अन् सबंध जिल्ह्यात रेडिओ उघडणारी बाई मी एकटीच असेन. मला कोणी शिकवलं नाही. मागल्या खोलीत मेलेल्या सेटांचा ढीग पडलेला असायचा, त्यात हात घालून मीच शिकले. आधी मामा मला कॉइल गुंडाळायला द्यायचे. कॉइल म्हणजे नळीवर केसासारखी बारीक तार गुंडाळायची, एकाला एक चिकटून, तीनशे-चारशे वेढे. नजर जाते अन् मान मोडते. पुढे एकदा त्यांचा मिस्त्री काम सोडून गेला, तेव्हा नाइलाजाने मला बाहेर पाठवायला लागले. मला ते फार आवडलं. गाडीत बसायचं, नवी घरं बघायची, लोक "या बाई, बसा बाई" करतात, चहा पुढे ठेवतात. त्या मागल्या खोलीत मला परत जायचं नव्हतं. तिसऱ्या खेपेला माझ्यासाठी पणाला काय लागलं होतं, तर ते हे.

आता ही पेटी काय, ते सांगते. गोविंदभाऊंची भाताची गिरणी. गावात वीज आलेली नव्हती, पण गिरणीच्या इंजिनाला त्यांनी डायनामो जोडला होता. त्यामुळे इंजिन चालू असेपर्यंत त्यांच्या घरात दिवे लागायचे अन् रेडिओग्राम चालायचा. रेडिओग्राम म्हणजे रेडिओ आणि तबकड्या वाजवायचं यंत्र एकाच कपाटात. इंजिन दिवसा चालायचं, म्हणून भाऊंचं गाणं-बजावणंही सगळं दिवसाढवळ्या. त्यांना पखवाजाचं वेड. रेडिओग्रामच्या अंगच्या स्पीकरातून खर्ज पुरेसा येत नाही, म्हणून त्यांनी आमच्याकडून वेगळा पंधरा इंची स्पीकर घेतला, फक्त खर्जासाठी. हल्ली दुकानात सबवूफर म्हणून जी चौकोनी पेटी मिळते ना, तिचीच ही पणजी समजा. फरक एवढाच की आताची पेटी काखेत मारून नेता येते, अन् आमच्या पेटीला चार हमाल लागायचे. आलापल्लीकडचा साग, दीड इंच जाड फळ्या. पुढच्या बाजूला स्पीकरच्या खाली एक हातभर रुंद भोक ठेवलेलं असतं, आतली हवा त्यातून ढकलली जाते अन् खर्ज भरदार होतो. गिरणीचं घर म्हणजे उंदरांचं माहेर, म्हणून त्या भोकाला मी जाळी ठोकली होती. त्या जाळीचा मला फार अभिमान होता.

पौषात पेटी बसवली. बैठकीच्या कोपऱ्यात रेडिओग्रामच्या शेजारी. भाऊ गादीवर बसले, तबकडी लागली, त्यांनी डोळे मिटले ते तीन मिनिटं उघडलेच नाहीत. मग म्हणाले, "घरात येऊन बसला जी हा मानूस." मला त्या दिवशी घरी जाताना गाडीत गुणगुणावंसं वाटत होतं.

होळी झाली अन् निरोप आला. यंत्र बिघडलं, डावा हात गेला.

पहिल्या खेपेला मी व्हॉल्व्ह बदलले. व्हॉल्व्ह म्हणजे काचेचे दिवे, आवाज मोठा करायचं काम त्यांचं. ते म्हातारे झाले की आधी खर्ज सोडतात, असा माझा अनुभव. बदलले. पेटीजवळ बसून ऐकलं, धूम येत होता. भाऊ गादीवर बसून म्हणाले, नाई. मी म्हटलं, नवे आहेत, थोडे तापू द्या. अन् गाडीची वेळ झाली म्हणून निघाले.

दुसऱ्या खेपेला मला डायनामोचा संशय आला. गिरणीत धान पडलं की इंजिनावर ओझं येतं, वीज थोडी बसते, दिवे मंद होतात. मीटर लावून दिवसभर बसले. वीज बसत होती, पण आवाज त्याप्रमाणे बदलत नव्हता. तरी दोन कंडेन्सर बदलले. कंडेन्सर म्हणजे विजेचं साठवणीचं मडकं म्हणा, ते गळायला लागलं की आवाज लंगडा होतो. काढलेले कंडेन्सर दुकानात तपासले तर ठणठणीत निघाले. मामांनी ते दोन्ही माझ्यापुढे ओळीत मांडून ठेवले. 

तर तिसरी खेप. तबकडी वाजून राहिली आहे, गोविंदभाऊ माझ्याकडे बघून राहिले आहेत, अन् मी सेटच्या मागे पेचकस हातात धरून बसले आहे. काय उघडावं तेच सुचेना. उघडण्यासारखं सगळं उघडून झालं होतं.

तेवढ्यात आतल्या दाराशी बसलेल्या सगुणाआजी बोलल्या. गोविंदभाऊंच्या आई. रोज सकाळी त्या दाराच्या आतल्या अंगाला भिंतीला टेकून पाटावर बसायच्या, मांडीवर सूप, सुपात तांदूळ. खडे अन् कणी निवडायच्या. सत्तरी केव्हाच उलटून गेलेली.

"मले त दोनी हात आयकू येतेत," आजी म्हणाल्या.

"माय, तुले आधीच कमी ऐकू येते," भाऊ म्हणाले.

"कमी ऐकू येते म्हणूनच त सांगून राह्यली. मले आयकू येते म्हणजे जोरात वाजून राह्यला तो."

भाऊ हसले. मी हसले नाही. मी उठले आणि आजींच्या शेजारी जाऊन भिंतीला टेकून बसले. बसले मात्र, धूम. छातीत. डावा हात अगदी जागच्या जागी. उठून गादीपाशी गेले, गायब. परत आजींकडे, हजर. चारदा गेले-आले. आजींनी सूप बाजूला ठेवून विचारलं, "काऊन वं, मुंग्या लागल्या का तुले?"

माझी चूक मला तिथे कळली. आम्ही मिस्त्री लोक नेहमी यंत्रापाशी उकिडवे बसून ऐकतो. कान स्पीकरला लावून. तिथे सगळं ठीकच ऐकू येतं. पण गाणं ऐकणारं माणूस तिथे बसतच नाही. दोन खेपा मी त्या यंत्राचं पोट फाडलं, अन् गिऱ्हाइकाच्या जागेवर बसून एकदाही नीट ऐकलं नाही.

म्हणजे यंत्र धडधाकट. मग पौषात गादीवर ऐकू येत होतं ते आता का नाही? मी भाऊंना विचारलं, पौषापासून या घरात काय बदललं? ते म्हणाले, काहीच नाही. तेच घर, तीच गादी, तोच मी. आजी सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "पोती गेली ना."

मी भिंतींकडे बघितलं. आणि मला पौषातली बैठक आठवली. कापणी-मळणी झालेली, गिरणीच्या गोदामात जागा नाही, म्हणून बैठकीच्या दोन भिंतींना आढ्यापर्यंत धानाची पोती रचलेली. मधून जेमतेम वाट. मीच तेव्हा पदर सावरत अंग चोरून पेटीपाशी गेले होते. होळीपर्यंत धान भरडून तांदूळ रवाना झाला. भिंती उघड्या पडल्या. भाऊंना ते बदललं असं वाटलंच नाही, कारण त्यांच्या घरी दरवर्षी तसंच होतं. आंब्याला मोहर येतो अन् जातो, तसं.

आजींच्या शेजारी पाण्याची परात होती. मी ती भाऊंच्या पुढ्यात ठेवली अन् कड धरून हलवली. पाणी इकडच्या काठाला चढतं, मग तिकडच्या काठाला चढतं. "आता मधात पाहा," मी म्हटलं. मधलं पाणी जागच्या जागीच होतं. ना वर, ना खाली. खर्जाचं असंच आहे. तो भिंतीवर जाऊन आपटतो, परत येतो, पुन्हा जातो. काठाशी चढतो, मधे नसल्यासारखा होतो. पोती होती तेव्हा ती त्याला गिळायची, गोधडीत तोंड खुपसून ओरडल्यासारखं. आता भिंती कोऱ्या, त्याला हिंदकळायला मोकळं रान. अन् गोविंदभाऊंची गादी बरोबर परातीच्या मधोमध.

भाऊंनी स्वतः कड धरून परात एकदा हलवून बघितली. मग म्हणाले, "म्हणजे मी पुढल्या पौषापर्यंत मुका पखवाज ऐकू?"

मी म्हटलं, गादी सरकवा. ते म्हणाले, गादी सरकणार नाही. गादीच्या समोर खिडकी होती अन् खिडकीतून गिरणीचा काटा दिसायचा, जिथे गाड्यांमधलं धान तोललं जायचं. त्यांचे वडीलही तिथेच बसायचे. ते हलले तर काट्यावर नजर कोण ठेवणार? बरोबरच होतं.

राहिली पेटी. पण ती न्यायची कुठे? बैठक चांगली पंचवीस हात लांब. इथे ठेवून बघू, तिथे ठेवून बघू, असं करायचं तर चार हमालांचे हात निखळले असते, अन् तेवढ्यात माझी गाडीही निघून गेली असती. मी डोकं धरून बसले. मग मनात आलं, आवाज ज्या वाटेने इथून तिथे जातो, त्याच वाटेने तो तिथून इथे येत असणार. वाटेला काय, दोन्हीकडून सारखीच. मग पेटी कशाला फिरवायची? पेटी एकदाच गादीवर ठेवायची, भाऊंच्या जागी. अन् फिरायचं मी. जिथे मला डावा हात ऐकू येईल, तिथे पेटी ठेवली की तो भाऊंना गादीवर ऐकू येईल.

हे मी कोणत्या पुस्तकात वाचलं नव्हतं. बरोबर निघेल की नाही तेही माहीत नव्हतं.

गिरणीतून चार हमाल बोलावले. पेटी गादीवर ठेवायची म्हटल्यावर त्यांनी मालकाकडे बघितलं. त्या गादीवर भाऊंशिवाय कोणी बसत नसे. भाऊ उठून बाजूला झाले. पेटी चढली, गादी वीतभर खाली गेली. त्यांच्यातला एक म्हातारा हमाल म्हणाला, "मालक, तुमच्याहून वजनदार आहे हे. अन् बोलतेही कमी."

भाऊंना मी रेडिओग्रामपाशी उभं केलं. काम एकच, तबकडी संपली की पुन्हा लावायची. अन् मी खाली बसले. पेटीतला स्पीकर जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, म्हणून कानही तेवढ्याच उंचीवर पाहिजे. म्हणजे रांगणंच आलं. नऊवारी नेसलेली होते म्हणून बरं. हातात खडू घेऊन मी भिंतीच्या कडेकडेने निघाले. दोन हात रांगायचं, थांबायचं, मान वाकडी करून ऐकायचं, जमिनीवर खूण करायची. कोपऱ्यात धूम इतका माजलेला की बाकी काही ऐकूच येईना, तिथे फुली. खांबाजवळ काहीच नाही, तिथे फुली. खिडकीखाली बरा, पण सगळे बोल एकमेकांवर चढलेले.

आजींनी विचारलं, "काय हारपलं वं बाई?"

मी ऐकण्यात गर्क. तोंडावर बोट ठेवून नुसता हात हलवला. आजींनी त्याचा अर्थ घेतला की काहीतरी मोलाचं हरवलं आहे आणि मला ते चारचौघांत सांगायचं नाही. त्यांनी सूप खाली ठेवलं अन् त्याही गुडघ्यांवर आल्या. "मणी असंन," त्या हमालांना हळूच म्हणाल्या. "काळी पोत तुटली असंन. चाला, उभे नोका राहू." हमालही बसले खाली. मी पुढे रांगते आहे, मागे आजी, त्यांच्यामागे चार दांडगे गडी जमिनीवर तळहात फिरवत. पखवाज वाजतो आहे. तेवढ्यात काट्यावर आलेला एक गाडीवान खिडकीतून डोकावला. त्याने आम्हाला बघितलं, वाजणाऱ्या पेटीला बघितलं, गादीवर बसवलेली, अन् पायातल्या वहाणा काढून बाहेरूनच हात जोडले.

भाऊंना हसू आवरेना. तबकडी संपून सुई घासायला लागली तरी त्यांना कळलं नाही.

मला थांबायला वेळ नव्हता. मी रांगत आतल्या दारापाशी आले. भाऊंनी सुई उचलून परत ठेवली. आणि तिथे तो होता. उजवा हात स्वच्छ, डावा हात खोल, दोघं एकमेकांना जागा देऊन बोलत होते. पौषातल्यासारखे. मी दोन हात पुढे गेले, गेला. दोन हात मागे, गेला. परत जागेवर, आला. खडूने तिथे गोल काढला.

गोल काढून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी आजींच्या बसण्याच्या पाटाभोवती खडू फिरवला आहे.

सगळे उभे राहिले. आजींनी आधी विचारलं, "सापडला का मणी?" भाऊंनी त्यांना समजावून सांगितलं. पेटी इथे ठेवावी लागेल. माय, तू जराशी तिकडे सरक.

आजींचं तोंड बदललं. थट्टा संपली होती. "लगीन होऊन आली तवापासून मी इथीच बसते," त्या म्हणाल्या. "इथून मले चूल दिसते, वाडी दिसते, अन् तू दिसतं. तुह्या बापाची गादी नाई हालत, मंग माहीच जागा काऊन हालते?"

 हमाल भिंतीकडे बघायला लागले.  दोन हात इकडेतिकडे चालणार नाही, हे मला माहीत होतं. मामांचा चेहरा डोळ्यांपुढे आला, अन् कॉइलची तार. तरी म्हाताऱ्या माणसाला तिच्या जागेवरून उठवून मला माझी जागा टिकवायची नव्हती. मी पेचकस हत्यारांच्या पेटीत टाकला आणि म्हटलं, राहू द्या भाऊ, मी पेटी परत घेऊन जाते.

आजी गादीवरच्या त्या सागाच्या पेटीकडे बघत होत्या. जवळ गेल्या. वरच्या फळीवर बुक्की मारून बघितली.

"साग आहे का?"

"साग आहे, आजी."

"मंग इथी आणा. मी तिच्यावर बसते."

भाऊ दचकले. "माय, मोडली तर?"

"तुले बारा वर्स मांडीवर घेतलं," आजी म्हणाल्या, "तवा मी मोडली का?"

हमालांनी पेटी आणून गोलात ठेवली, तोंड बैठकीकडे. मी वर वाकळेची घडी अंथरली. आजींना आधार देऊन वर बसवलं. उंची अगदी बेताची, गुडघे दुखणाऱ्या माणसाला पाटापेक्षा सोयीचीच. त्यांनी इकडे बघितलं, चूल दिसली. तिकडे बघितलं, घरामागची वाडी दिसली. मग सूप मागितलं.

गोविंदभाऊ गादीवर जाऊन बसले. मी तबकडी लावली. पहिला धूम आला अन् मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते. मला दुसरं काही बघायची गरज नव्हती, पण आजींनी हाक मारली म्हणून वळले. त्यांच्या सुपात दर धूमबरोबर तांदूळ उड्या मारत होते. चार-पाच उड्यांनी कणी खाली बसायला लागली आणि अख्खे दाणे वर यायला लागले. आजी सुपाला हातही लावत नव्हत्या.

"हा त माहं काम करून राह्यला," त्या म्हणाल्या. "याले रोज वाजवत जा."

चांद्याला पोचले. मामा दुकानात होते. आमच्याकडे तक्रारींची वही असायची, त्यात शेवटी 'दोष' म्हणून एक रकाना. मामांनी वही उघडली, टाक शाईत बुडवला आणि विचारलं, "काय बिघडलं होतं?"

मी म्हटलं, "काही नाही. धानाची पोती गेली होती."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. मी सगळं सांगितलं, परात, रांगणं, आजी.  मग त्यांनी त्या रकान्यात लिहिलं, 'धानाची पोती.' टाक पुन्हा शाईत बुडवला अन् खाली 'दुरुस्ती'समोर लिहिलं, 'आजी वर बसवल्या.' शाई वाळू दिली, वही मिटली. म्हणाले, "सोमवारी सिरोंच्याले जायचं आहे. मोटारीनं दिवस जाते. भाकरी बांधून घे."

नागपूरच्या मिस्त्रीचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

पुढच्या पौषात मी मुद्दाम मूलला उतरले. पोती परत आली होती, आता पेटी कोपऱ्यात ठेवली तरी चाललं असतं. भाऊ हळू आवाजात म्हणाले, "बाई, ते तुम्हीच सांगा तिले." आजी पेटीवर बसल्या होत्या, सूप मांडीवर. मी काही सांगितलं नाही. चहा घेतला अन् आले.

त्यानंतर मी बरीच वर्षं सेट उघडले. पण पेचकस हातात घ्यायच्या आधी घरच्यांना दोन गोष्टी विचारायची सवय लागली. मागच्या वेळेनंतर या घरातून काय गेलं? आणि घरात असं कोण आहे, ज्याची काही तक्रार नाही? पहिल्याचं उत्तर लोक चुकीचं देतात. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा आतल्या दाराशी बसलेलं असतं.